मुंग्या की ग्रेन? एका सिनेमाच्या तीन डिस्कचं प्रकरण

टीव्हीवरच्या मुंग्या आमच्या पिढीला लहानपणापासून माहीत. गच्चीवर अँटेना फिरवणारा मोठा भाऊ, खाली खिडकीतून ओरडणारी बहीण, "आलं, आलं... गेलं! परत डावीकडे घे!" आणि दूरदर्शनच्या बातम्यांवरून धावणाऱ्या मुंग्या. मुंग्या दिसल्या की सिग्नल खराब, गेल्या की चित्र चांगलं, हा हिशोब तेव्हा जो डोक्यात बसला तो बसलाच. पुढच्या प्रकरणाच्या मुळाशी हाच हिशोब आहे. फरक एवढाच की तो हॉलिवूडच्या एका मोठ्या स्टुडिओने केला, आणि त्याचा परिणाम डिस्कवर कायमचा छापला गेला.

सिनेमा 'प्रेडेटर'. १९८७ चा. दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन, छायाचित्रकार डॉनल्ड मॅकअल्पाइन, हा मूळचा ऑस्ट्रेलियन. श्वार्झनेगर आणि त्याची तुकडी जंगलात शिरते आणि कोणीतरी न दिसणारं एकेकाला टिपत जातं, एवढीच गोष्ट. चित्रीकरण मेक्सिकोच्या खऱ्याखुऱ्या जंगलांत झालं, ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर. हा तपशील महत्त्वाचा आहे. दाट झाडीखाली दुपारीसुद्धा उजेड किती कमी असतो हे ज्याने जुलैतलं कोकण किंवा महाबळेश्वरची राई पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

घरी बघण्यासाठी या सिनेमाची पहिली ब्लू-रे डिस्क २००८ साली आली. दुसरी २०१० च्या जूनमध्ये, 'अल्टिमेट हंटर एडिशन' अशा भारदस्त नावाने. तिसरी, फोर-के, ऑगस्ट २०१८ मध्ये. मध्ये २०१३ च्या शेवटी एक थ्रीडी आवृत्तीही येऊन गेली, तिच्याकडे नंतर येतो. स्टुडिओ सगळ्यांना एकच, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स. आणि वेळ कशी साधली ते बघा: २०१० च्या जुलैत या मालिकेचा नवा भाग थिएटरात लागला, २०१८ च्या सप्टेंबरात आणखी एक. नव्या जावयाबरोबर जुन्यालाही नवे कपडे, तसं.

माझ्याकडे आधी २००८ ची डिस्क होती. २०१० ची मित्राने परदेशातून आणून दिली. माझा प्लेअर सगळ्या रीजनच्या डिस्क वाचतो, त्यामुळे एका रविवारी दोन्ही आळीपाळीने लावून बसलो. टीव्ही तोच, सेटिंग तेच, आणि मुद्दाम तोच प्रसंग: सुरुवातीला डच (म्हणजे श्वार्झनेगर) आणि त्याचा जुना मित्र डिलन भेटतात आणि हवेतच पंजा लढवतात तो. त्या शॉटवर आता इतके विनोद झालेत की तो गंभीरपणे बघणं अवघड आहे, पण तपासणीला उत्तम. दोन मोठे दंड, त्यावर घाम, ताणलेल्या शिरा, बाजूने येणारा उजेड.

२००८ च्या डिस्कवर दंडावर कातडी दिसते. घामाचा थेंब वेगळा कळतो. पण त्यासोबत सगळ्या चित्रावर एक वळवळ आहे. ती बारीक नाही, गुठळ्यांसारखी आहे, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात तर चौकोनच्या चौकोन सरकताना दिसतात. २०१० ची लावली. वळवळ गायब. अंधार गुळगुळीत. पहिले दहा सेकंद मलाही वाटलं, वा! मग दंडाकडे पाहिलं. घाम होता, पण व्हार्निश लावल्यासारखा. शिरा होत्या, पण रबरी नळीसारख्या. चेहऱ्याचा क्लोज-अप आला तेव्हा खात्रीच पटली. लोणावळ्याला मेणाच्या पुतळ्यांच्या म्युझियममध्ये गेलात तर एखाद्या पुतळ्यासमोर क्षणभर चकायला होतं आणि मग गालाकडे लक्ष जातं, अगदी तसं.

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली, दोन्ही पाहिल्या आणि म्हणाली, "ही दुसरी बरी आहे की. त्या पहिलीत मुंग्या आहेत."

तिचं म्हणणं मी तेव्हा उडवून लावलं, ही माझी चूक. कारण २०१० ची डिस्क कोणासाठी बनली होती याचं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

आता ग्रेन म्हणजे काय ते बघायला हवं, नाहीतर हा सगळा वाद आवडीनिवडीचा वाटतो. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या संयुगांचे अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. उजेड पडलेले स्फटिक डेव्हलपिंगमध्ये चांदी होतात. रंगीत फिल्ममध्ये ती चांदी पुढे धुऊन काढली जाते आणि तिच्या जागी रंगाचे बारीक ढग उरतात. या ढगांचा जो रवाळ पोत पडद्यावर दिसतो तो ग्रेन, आणि हे ढग म्हणजेच चित्र. चित्राच्या वर ग्रेन बसलेला नसतो, चित्रच ग्रेनचं असतं. रांगोळीतून रांगोळीचे कण वेगळे काढून खाली 'स्वच्छ मोर' शोधायला गेलं तर हाती फरशी येईल.

स्फटिक मोठा तर तो कमी उजेडातही चित्र पकडतो, पण मोठा असल्यामुळे दिसतोही. म्हणून अंधारात चालणारी फिल्म जास्त ग्रेनची. शिवाय ही गोष्ट १९८७ ची. चपट्या स्फटिकांमुळे ग्रेन बराच आवरलेल्या कोडॅकच्या ईएक्सआर फिल्म सिनेमासाठी आल्या त्या १९८९ पासून. मॅकअल्पाइनपुढे जंगलाचा मिणमिणता उजेड होता आणि हातात त्या काळाची फिल्म होती. चित्र रवाळ येणार हे ठरलेलंच होतं. तुपाच्या बाबतीत रवाळ म्हटलं की आपण खूश होतो, तो भाग वेगळा.

आणखी एक गोष्ट. सेकंदाला २४ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये ग्रेनची मांडणी पूर्ण नवी. एका फ्रेममध्ये पापणीचा केस दोन ढगांच्या मध्ये हरवला असेल तर पुढच्या फ्रेममध्ये तो पकडला जातो, आणि आपला डोळा हे सगळं जोडून घेतो. म्हणून चालत्या सिनेमात जेवढा बारकावा दिसतो तेवढा थांबवलेल्या एका फ्रेममध्ये कधीच दिसत नाही, आणि थांबवलेल्या फ्रेममध्ये ग्रेन आहे त्याहून जाड वाटतो. म्हणजे मी त्या रविवारी पॉज दाबून जी तपासणी करत होतो ती ग्रेनवर थोडी अन्यायाचीच होती. नंतर सवय लावून घेतली: आधी चालू ठेवून बघायचं, मग थांबवायचं.

हा दर फ्रेमला बदलणारा ग्रेन कॉम्प्रेशनच्या मात्र मुळावर येतो. व्हिडिओ लहान करण्याची मुख्य युक्ती अशी की पुढची फ्रेम बहुतेक आधीच्या फ्रेमसारखीच असते, तेव्हा फक्त काय बदललं ते साठवा. मागे भिंत असेल तर एकदा साठवून भागतं. पण भिंतीवर ग्रेन असेल तर भिंतही दर फ्रेमला नवी! १९२० बाय १०८० चं चित्र कॉम्प्रेशन न करता ठेवायचं तर सेकंदाला सुमारे ६०० मेगाबिट लागतात. ब्लू-रेमध्ये व्हिडिओला कमाल मुभा ४० ची. २००८ ची डिस्क एका थराची, २५ जीबीची. सिनेमा १०७ मिनिटांचा. पूर्ण डिस्क वापरली तरी सरासरी ३१ च्या वर जाता येत नाही, आणि त्यातच आवाज, मेनू, बाकीचं सामान. त्यावर कडी म्हणजे कॉम्प्रेशन एमपेग-२ चं, म्हणजे जे डीव्हीडीसाठी वापरलं जायचं तेच, नव्वदच्या दशकातलं. त्याहून कितीतरी कमी जागेत तेवढंच काम करणारं एव्हीसी २००३ पासून उपलब्ध होतं.

जागा अपुरी पडली की एमपेग-२ काय करतं? चित्राचे लहान चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला सर्वांत बारीक तपशील आधी फेकतं. ग्रेन हा सर्वांत बारीक तपशील. तो पूर्ण जात नाही, अर्धवट उरतो, त्याच्या गुठळ्या होतात, आणि चौकोनांच्या कडा दिसायला लागतात. बायकोला दिसलेल्या मुंग्या या होत्या. ती बरोबर होती. त्या डिस्कवर खरंच काहीतरी वाईट दिसत होतं. फक्त ते मॅकअल्पाइनच्या कॅमेऱ्यातून आलेलं नव्हतं, डिस्क बनवताना आलं होतं.

या प्रकरणात माझं म्हणणं एवढंच आहे. २००८ च्या डिस्कबद्दल लोकांची तक्रार खरी होती, निदान चुकलं. ताप कॉम्प्रेशनचा होता, औषध ग्रेनवर दिलं गेलं. आणि गंमत म्हणजे २०१० च्या डिस्कमध्ये खरं औषधही होतं! ती दोन थरांची, ५० जीबीची होती, कॉम्प्रेशन एव्हीसीचं होतं. तेवढ्यानेच बराच ताप उतरला असता. ग्रेन नीट मावेल एवढी जागा पहिल्यांदा हाताशी आली, आणि त्याच वेळी ग्रेन काढून टाकला. मोठं घर घेतलं आणि आजीला गावी पाठवलं, असा प्रकार.

ग्रेन काढण्याच्या प्रक्रियेला डीएनआर म्हणतात, डिजिटल नॉइज रिडक्शन. ती लागोपाठच्या फ्रेम एकमेकींशी ताडून बघते. एकाच जागी जे दर फ्रेमला बदलतं ते कचरा, जे टिकतं ते चित्र, असा तिचा नियम. कॅमेरा स्थिर आणि माणूस स्थिर असेल तर हे बऱ्यापैकी जमतं. पण 'प्रेडेटर'मध्ये स्थिर आहे तरी काय? पानं हलतायत, माणसं धावतायत, कॅमेरा झाडांमधून सरकतोय. हलणारं पान दर फ्रेमला बदलतं, म्हणजे यंत्राच्या लेखी तेही संशयित. मी जंगलातून चालण्याचा एक लांब शॉट दोन्ही डिस्कवर पाहिला. २००८ च्या डिस्कवर, सगळी वळवळ धरूनसुद्धा, मागची झाडी पानापानाची होती. २०१० च्या डिस्कवर पुढची दोन-चार मोठी पानं लख्ख, आणि त्यांच्या मागे हिरवा लगदा. पालकाची भाजी घोटल्यावर होते तसा. कॅमेरा थांबला की लगद्यातून पानं हळूच उगवतात, चालू लागला की परत विरघळतात. एकदा हे दिसलं की मग सिनेमाभर तेवढंच दिसत राहतं. हे ज्ञान मिळू नये असंच सुचवेन.

चेहऱ्यांचं तेच. कातडीची छिद्रं, खुरटी दाढी, तोंडाला फासलेल्या रंगाचा खरखरीतपणा, हे सगळं आकाराने ग्रेनएवढंच असतं. यंत्राला त्यात भेद करता येत नाही. शेवटच्या भागात श्वार्झनेगर अंगभर चिखल माखतो, जेणेकरून त्या प्राण्याला अंगाची उष्णता दिसू नये. अख्ख्या गोष्टीची किल्ली तो चिखल. त्याचा ओलेपणा, सुकताना पडणाऱ्या भेगा, हेच त्या दृश्याचं सौंदर्य. २०१० च्या डिस्कवर तो चिखल चॉकलेटच्या आवरणासारखा दिसतो.

तरीही त्या डिस्कच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी. तेव्हा इंटरनेटवर दोन तट पडले होते, आणि 'ही स्वच्छ आहे, हीच बरी' म्हणणारे सगळे अडाणी नव्हते. २०१० हा घराघरात ट्यूबचा टीव्ही जाऊन सपाट एलसीडी येण्याचा काळ. लोकांनी हाय डेफिनिशनसाठी पैसे मोजले होते, आणि दुकानात त्यांना काय दाखवलं होतं? डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेले मासे, फुलं, ॲनिमेशन. एचडी म्हणजे काचेसारखं, ही समजूत विक्रेत्यांनीच घडवली. मग त्याच टीव्हीवर तेवीस वर्षं जुना सिनेमा रवाळ दिसला की गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटणारच. या सिनेमाचे बहुतेक चाहते तो व्हीएचएसवर पाहून मोठे झालेले. व्हीएचएसची कुवतच एवढी कमी की तिच्यात ग्रेन टिपलाच जात नाही. म्हणजे त्यांच्या आठवणीतला 'प्रेडेटर' ग्रेनशिवायचाच होता. आठवणीशी ताडून पाहिलं तर गुळगुळीत डिस्क जास्त ओळखीची वाटली असेल, कोण जाणे.

हाच स्टुडिओ २००८ मध्ये 'पॅटन'च्या ब्लू-रेवर असाच हात फिरवून बसला होता. तो सिनेमा तर ६५ मिलिमीटरच्या फिल्मवरचा, म्हणजे त्यात ग्रेन मुळातच नगण्य. तरी घासला. २०१२ मध्ये त्यांनी नवं ट्रान्सफर, म्हणजे फिल्मवरून नवी डिजिटल प्रत, करून ती चूक सुधारली.

'प्रेडेटर'च्या चाहत्यांना जास्त थांबावं लागलं. २०१३ ची थ्रीडी आवृत्ती बाजूला ठेवू. सपाट सिनेमाचा थ्रीडी करताना दोन्ही डोळ्यांसाठी वेगळी चित्रं तयार करावी लागतात आणि ग्रेन त्यात अडचण करतो, म्हणून तो आधी कमी करण्याचीच पद्धत आहे. त्या कामासाठी ते समजण्यासारखं होतं.

२०१८ ची फोर-के डिस्क मी बरीच उशिरा पाहिली, गेमिंग कन्सोलवर, कारण वेगळा प्लेअर घ्यायची परवानगी घरातून मिळाली नाही. ग्रेन परत आलेला होता. आणि या वेळी त्याला राहायला जागा होती: फोर-के डिस्क ६६ किंवा १०० जीबीपर्यंत जाते, कॉम्प्रेशन एव्हीसीच्या पुढच्या पिढीचं, एचईव्हीसीचं, वेग १२८ मेगाबिटपर्यंत नेता येतो. त्यामुळे गुठळ्या नाहीत, चौकोन नाहीत. बारीक, एकसारखा, जिवंत ग्रेन, पाण्यावर पाऊस भुरभुरावा तसा. पंजा लढवण्याचा शॉट लावला. घामाचा थेंब परत थेंब झाला होता. पण जे लोक २०१० च्या डिस्कवर वाढले त्यांना ही डिस्क घाणेरडी वाटली, आणि काहींनी तसं लिहिलंही. सगळं उलट वर्तुळ पूर्ण.

या डिस्कवर मला एक गोष्ट दिसली जी आधीच्या दोन्हींवर कधी जाणवली नव्हती. तो अदृश्य प्राणी झाडात आहे, फक्त हवा थरथरल्यासारखी दिसते, असे शॉट तेव्हा कॉम्प्युटरवर जोडले जात नसत. ऑप्टिकल प्रिंटरवर वेगवेगळ्या फिल्म एकावर एक घेऊन नवी निगेटिव्ह बनवत. म्हणजे नकलेची नक्कल, आणि प्रत्येक नकलेत ग्रेन वाढतो. फोर-के डिस्कवर असा शॉट सुरू झाला की चित्र किंचित जाड, किंचित मळकं होतं, प्राणी दिसायच्या आधीच. कातकऱ्याला पाचोळ्याच्या आवाजावरून जनावर कळावं तसं ग्रेनवरून कळतं की इथे कोणीतरी आहे. २०१० च्या डिस्कने सगळे शॉट एका पातळीत घोटले आणि हा मागही पुसला. दिग्दर्शकाला तो पुसलेलाच आवडला असता, असा युक्तिवाद कोणी केला तर मी भांडणार नाही. ऑप्टिकलचा जाड ग्रेन कोणाला हवा होता म्हणून आलेला नाही.

प्रकरण इथे मिटलं असतं, पण २०२४ मध्ये जेम्स कॅमेरॉनच्या 'एलियन्स', 'द अबिस' आणि 'ट्रू लाइज' या तीन सिनेमांच्या फोर-के आवृत्त्या आल्या आणि तोच वाद नव्याने पेटला. आता घासणारं यंत्र जास्त हुशार आहे. ते तपशील काढून टाकून थांबत नाही, आपल्या अंदाजाने नवा तपशील भरतं. 'ट्रू लाइज'मधल्या काही चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या बघताना मला २०१० चा मेणपुतळा प्रामाणिक वाटायला लागला. तिथे कातडी नव्हती, इथे दुसऱ्याच कोणाची तरी आहे. कॅमेरॉनची स्वतःची संमती असल्यामुळे तो वाद वेगळ्या वळणाचा आहे, त्यात इथे शिरत नाही.

ओटीटीवर तर जागेचा प्रश्न डिस्कपेक्षा बिकट. फोर-केसाठी नेटफ्लिक्स १५ मेगाबिटचं कनेक्शन सुचवतं, डिस्कच्या मानाने ही चिंचोळी बोळ. त्यावर एव्ही१ या नव्या कॉम्प्रेशनमध्ये एक चलाख तोडगा आहे: पाठवताना ग्रेन काढून ठेवायचा, त्याचा पोत मोजायचा, आणि आपल्या टीव्हीतच तसाच दिसणारा ग्रेन तयार करून परत शिंपडायचा. मूळ ग्रेन नाही, पण त्याच्या मापाचा. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडलं तरी गुठळ्यांपेक्षा मला हे पटतं.

२००८ आणि २०१० च्या दोन्ही डिस्क मी अजून जपून ठेवल्यात. ओळखीत कोणी मोठा टीव्ही घेतला आणि "चित्र कसं वाटतं बघ ना" म्हणून बोलावलं की प्लेअर आणि या दोन डिस्क पिशवीत घालून जातो. गेल्या दिवाळीत एका मित्राकडे गेलो. पासष्ट इंची टीव्ही, भिंतीवर. आधी २०१० ची लावली, मग २००८ ची. दोन्ही जवळपास सारख्याच! तोच व्हार्निशचा घाम, तोच पालकाचा लगदा. म्हणजे स्टुडिओने २०१० मध्ये जे डिस्कवर केलं होतं ते हा टीव्ही जुन्या डिस्कवर घरच्या घरी करत होता. मेनूत गेलो. पिक्चर मोड 'व्हिव्हिड', नॉइज रिडक्शन 'ऑटो', शार्पनेस बराच वर, आणि चालीला गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंगही चालू. फिल्ममेकर मोड होता, तो लावला. २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंनी मिळून ठरवलेला हा मोड यातल्या बहुतेक खोड्या एका बटणात बंद करतो. २००८ ची डिस्क परत लावली. झाडी परत पानापानाची झाली, आणि त्यासोबत गुठळ्या, चौकोन, सगळं आपापल्या जागी परत आलं.

मित्राने दोन मिनिटं शांतपणे पाहिलं.

"लेका, काल घेतलाय," तो म्हणाला. "बिघडवलास ना?"